चिमाच्या टाचांना लागलेला समुद्र

रत्नागिरी, माघ वद्य पंचमी

चिरंजीव गंगाराम यास मथुराताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खाऊनपिऊन बरे आहोत. तुझ्या पोटाचं कसं आहे? गोदीजवळच्या खानावळीत जेवू नकोस असं मागेही लिहिलं होतं, तू ऐकलं नसशीलच.

आपली पडवी दिवाळीपासून समुद्राच्या मोजणीवाल्यांना दिली आहे. (मोजणी झाली की सारा बसणार, असं वाडीने ठरवून टाकलं आहे. बसला तर माशांवर बसेल, आपल्याला काय.) साहेब बोटीवर राहतो, पडवीत त्याचे कारकून महिपतराव. काम असं की दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडायचं. दोरीवरून खोली कळते. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरली की तळाशी असेल ते चिकटून वर येतं, वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा. काहीच आलं नाही तर खाली खडक. ते सगळं नकाशात भरतात.

पण चरबी निघाली गाईची. खलाशी हात लावीनात, आणि बोट बंदरात नुसती डुलत राहिली. शेवटी मी आपलं मुठेल दिलं, खोबरेल घालून मऊ केलेलं. कोकमाच्या बियांचं तेच तूप, जे आपण फुटलेल्या टाचांना लावतो. काम झकास चाललं. (साहेबाने ते स्वतःच्या ओठांनाही लावलं म्हणे.) मग रोज संध्याकाळी समुद्राचा तळ चिकटलेले मुठेलाचे गोळे, खाली जागेचं नाव लिहिलेला कागद घालून, पडवीच्या कट्ट्यावर मांडले जाऊ लागले.

मागच्या आठवड्यात मी विहिरीवर असताना शेजारची चिमा आली, आणि त्यातला एक गोळा घेऊन तिने दोन्ही टाचांना चोळला. वर मलाच म्हणते, "मथुरावैनी, यंदा मुठेल गाळलंस नाय काय गो? लय खरखरता."

कट्ट्यावर कागद तेवढा राहिला होता. मी तो वाचला. 'दाभोळ, खाडीच्या तोंडाबाहेर.'

महिपतराव कपाळाला हात लावून बसले. साहेबाला सांगायची सोय नाही. मग त्यांनी चिमालाच पायरीवर बसवून चौकशी मांडली. बारीक होतं की जाड? "जाड्या मिठासारखा." टोचत होतं? "वाईच." रंग कसला? "माझ्या पायांचा हाय तोच." एवढ्यावर त्यांनी 'वाळू, शिंपल्यांचा चुरा' असं लिहून टाकलं. आता सरकारी नकाशात ती जागा चिमाच्या टाचांच्या साक्षीवर उभी राहील. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

बाकी सर्व ठीक. शिमग्याला नक्की ये.

तुझी,
मथुराताई

ता. क. त्या जागी दोरी सोडा असं महिपतरावांना मीच सांगितलं होतं. त्यांच्या कामात ती जागा नव्हती. तुझे भावोजी मचव्यासकट तिथेच बुडाले. ते कशावर निजले आहेत, एवढंच मला बघायचं होतं. बोट पुन्हा तिकडे जाणार नाही. तू शिमग्याला येताना दाभोळला उतर. मचव्यावरून वाचलेला आत्माराम तांडेल होडीने नेईल, जागा त्याला ठाऊक आहे. सोबत मुठेलाचा गोळा पाठवते आहे, तो वजनाच्या बुडाला लाव. वाळू आली तर बरं. काहीच आलं नाही, तरी तसं सांग.

आणखी एक. जे येईल ते पुरचुंडीत बांधून थेट माझ्या हातात दे, कट्ट्यावर ठेवू नकोस. चिमाच्या टाचा कधी नव्हत्या इतक्या बऱ्या झाल्या आहेत, आणि ती रोज त्यातलंच मुठेल मागायला येते.