रिकामी गिरणी

माय, गिरणीत बसूनच तुला लिहितोय. तू असतीस तरी तोंडाने एवढं सांगता आलं नसतं. आपल्या दोघांतलं बोलणं कायम तुझ्याच वाट्याला. गिऱ्हाइकांशी बोलायचीस तू आणि पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून घसा बसवून घ्यायचीस तूच. मी मागे उभा राहून दळण ओतायचो, मान हलवायचो. निम्म्या वालूर गावाला मी मुका वाटायचो आणि मला ते सोयीचंच होतं.

ती दुपार तुला आठवत असेल. मागच्या गल्लीतली ती मुलगी ज्वारी घेऊन आली की माझे कान लाल होतात, हे तू केव्हाच ताडलं होतंस. त्या दिवशी तू मुद्दाम "भाकरी टाकून येते" म्हणून घरी गेलीस. दळण झालंय, ती डबा घेऊन उभीच आहे, काहीतरी विचारतेय, ओठ हलताना दिसतायत. आणि मी गिरणी बंद करत नाही. बंद केली तर ऐकू येईल, ऐकू आलं तर उत्तर द्यावं लागेल. दगडावर दगड घासून जळका वास सुटला तरी मी तसाच. तू धावत आलीस तोवर ती गेली होती. खटका खाली पाडून तू म्हणालीस, "आरं, रिकामी गिरणी कुणासाठी चालवायलास?" घासून गुळगुळीत झालेल्या दगडांना पुन्हा टाकीचे घाव घालावे लागले. ती पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन चुडाव्याला गेली.

शेवटी तुझा आवाज पार बसला. खाटेवरून नुसती माझ्याकडे बघत राहायचीस, आता तू बोल, अशी. मी पाय चेपत बसायचो. गिरणी बंद होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी तुझ्याशीसुद्धा बोलता आलं नाही. ते अजून छातीत रुतून बसलंय, माय.

हल्ली दवाखान्यातल्या नर्सबाई दळण आणतात. माहेर जिंतूरकडचं; नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच राहतात. त्या येण्याची मी वाट बघतो आणि आल्या की मान हलवतो. आज त्यांची ज्वारी निम्मी दळून झाली आणि लाईट गेली. मी खटका खाली पाडला. त्या निघाल्या. तुझ्या स्टुलावर मी आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं. तो रुमालाने पुसून पुढे सरकवला.

"बसा की. येईल लाईट."

त्या दचकल्याच. "अगबाई, तुमाला बोलता येतंय व्हय?"

"येतंय थोडं थोडं."

"मंग हळू बोला की. ऐकू यायलंय मला."

मी ओरडत होतो, माय. बोलणं तुझ्याकडूनच शिकलो ना, गिरणीच्या वरताण. त्या हसल्या, बसल्या, स्टूल कुणाचा म्हणून विचारलं. मग मी तुझ्याबद्दल सांगत गेलो. तुझा घसा, ती दुपार, ती खाट. मध्येच रडू आलं, तेही लपवलं नाही.

हा कागद पाठवायचा कुठं? वजनकाट्याखाली सारून ठेवतो. एक मात्र तुला सांगून टाकतो. सांगत सांगत तुझ्या खाटेपर्यंत आलो होतो तेव्हाच समोरच्या दुकानातला पंखा फिरायला लागला. त्यांनीही तो पाहिला आणि "मंग?" एवढंच म्हणाल्या. गिरणीच्या वरच्या पेटीत उरलेली ज्वारी तशीच होती आणि मी खटका वर केला नाही.