छातीच्या हाडामागची तालीम

२ फेब्रुवारी १९५३, सकाळी
पाचूबंदरला क्षयाच्या लसीचा कॅम्प येतोय. मुख्य भाषण माझं. लायब्ररीतून शरीरशास्त्राचा ग्रंथ आणला. रक्तातले पांढरे शिपाई हाडाच्या मगजात जन्मतात की मानेच्या-काखेच्या गाठींत, यावर विद्वानांत वाद. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी आहे. तिचा उपयोग ग्रंथकारालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ती तालीम. शिपाई जन्मोत कुठेही, तयार होतात तिथे.

३ फेब्रुवारी
सिद्धांत वाढवला. ग्रंथी छातीत, आवाजही छातीत. म्हणजे भाषणाने तालमीतले शिपाई घुमतात. मी वीस वर्षं बोलतोय. खोकला आहे, पण तो वक्त्याचा. प्रमोदिनी म्हणते, दोन महिने झाले, डॉक्टरला दाखवा. बायकोला व्यासपीठाची सवय नाही.

५ फेब्रुवारी
केळीच्या वाडीत सराव. थुंकी लाल. पान असणार. पान कधी खाल्लं, आठवत नाही.

९ फेब्रुवारी
कॅम्प. नर्स लिडियाबाईंनी सगळ्यांच्या हातावर चाचणीची सुई टोचली. तीन दिवसांनी फुगवटा मोजणार. त्याचा अर्थ त्या सांगू लागल्या, तेवढ्यात मी उभा राहिलो. म्हणालो, जेवढा फुगवटा तेवढी फौज. टाळ्या. शेवट खोकल्यात गेला. मासळीवाली रोझी म्हणाली, "मास्तर, तुमच्या तालमीतले पैलवान खोकतात फार." उत्तर उद्या सुचेल.

११ फेब्रुवारी, दुपारी
माझ्या हातावर सुपारीएवढा फुगवटा. माझ्या लेकीचा, सरलाचा, हात सपाट. नऊ वर्षांची पोर, बोलते पुटपुटल्यासारखी. शिपाई येणार कुठून? मांडीवर घेतली, तोंडासमोर तोंड धरून तासभर कविता म्हणून घेतल्या. रोज घेणार.

१२ फेब्रुवारी
रांगेत पहिला मी, बाही वर. लिडियाबाईंनी पट्टीने मोजलं. पुन्हा मोजलं. खोकला किती दिवस, म्हणून विचारलं. मी म्हणालो, वक्त्याचा आहे.
"मास्तर, फुगवटा म्हणजे जंतू आधीच आत शिरलेत," त्या म्हणाल्या. "लस सपाट हातालाच. तुम्ही उद्याच छातीचा फोटो काढून घ्या. घरात लहान कोण आहे?"
सरलाला लस मिळाली. रडली नाही. तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
संकल्प: उद्यापासून महिनाभर मौन. घशासाठी.
प्रमोदिनीने माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवला. सरला वही घेऊन आली, मांडीकडे निघाली. म्हटलं, दारातूनच म्हण.
म्हणाली. ती हळूच बोलते. काही ऐकू आलं नाही.