कुबड बेटावरचा धूर

३ मार्च, सोमवार

साहेबांनी चार बेटांच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर आदळला. तोफांच्या सरावासाठी समितीला एक बेट हवंय. कुठलं, ते ठरवायला तुलनेचा तक्ता हवा. लांबी, उंची, पाणी, धक्का, कारभार कुणाचा. "चारही निर्जन आहेत, तेव्हा कुणी तक्रार करणार नाही," म्हणाले. हसले नाहीत.

एकवीस वर्षं बेटांचे नकाशे काढतेय मी. एकावरही पाय ठेवलेला नाही. पोहताही येत नाही!

५ मार्च

थाळी: सपाट, पाण्यावर जेमतेम पुरुषभर. गोड्या पाण्याचा थेंब नाही, नुसते पक्षी. कारभार आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे, त्यांनी ते चित्रातही पाहिलेलं नाही.

सुळका: विझलेला ज्वालामुखी, बाराही महिने ढगात. दोन देश हक्क सांगतात, म्हणून कारभार कुणाचाच नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, पण इथे तिसराही नाही.

जोडबेट: ओहोटीला एक, भरतीला दोन. मासेमारी खातं परवाने देतं. घ्यायला कुणी येत नाही.

कुबड: मधे उंचवटा, झरा, पूर्वेला उतरण्याजोगा खडक. दीपगृह होतं, नऊ वर्षांपूर्वी बंद केलं. तेव्हापासून आमच्या खात्याकडे. नियम वाचला तर गंमत: परवानगीशिवाय तिथे राहता येत नाही, आणि परवानगी देणारा अधिकारी नेमलेलाच नाही.

चौघांत राहण्याजोगं हेच.

७ मार्च

घाईघाईत लिहितेय.

विमानातून काढलेले नवे फोटो आले. कुबडच्या फोटोवर भिंग धरलं. झऱ्याजवळ तीन चौकोन, हिरवे, सारख्या मापाचे. गवत असं मापात उगवत नाही. आणि वरच्या अंगाला धूर. बारीक, पण धूरच.

साहेबांकडे धावत गेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ढग आहे."

"साहेब, ढग जमिनीतून निघत नाही."

"डोळे तपासून घ्या, बाई."

१० मार्च

तक्त्यात लिहिलंच मी: 'कुबड येथे वस्तीची शक्यता.' मसुदा परत आला. त्या एका ओळीवर तांबडी रेघ. बाकी कुठे काना-मात्राही बदललेली नाही.

११ मार्च

पुन्हा लिहिलं. पुन्हा रेघ. आणि पाकिटातून तो फोटो गायब! शिपायाला विचारलं तर म्हणे, "साहेबांनी मागवला होता."

म्हणजे त्यांना कळलंय. माणसं आहेत हे कळूनही तिथे तोफगोळे?

१४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत बंदरावर गेले. खात्याच्या बोटीचा कप्तान दोरखंड तपासत होता. सगळे त्याला दाढीवालाच म्हणतात. कुबडवर कुणी राहतं का, विचारलं. तो दोरच बघत राहिला.

"बाई, मी लांबून जातो. लांबून काही दिसत नाही."

"आणि जवळून?"

"जवळून जायचा हुकूम नाही."

संध्याकाळी निघताना साहेब जिन्यात भेटले. "बंदरावर गेला होतात म्हणे." एवढंच. आवाज चढवलाही नाही.

१५ मार्च

सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. "तोंडाला कुलूप लाव आणि किल्ली माझ्याकडे दे. नवरा परगावी, तुझी नोकरी गेली तर मी काय नकाशे खाऊ?"

मग, मान वर न करता: "लहान पोर असेल का गं तिथे?"

१७ मार्च

माझ्या टेबलाचा खण उघडा होता. मी बंद करून गेले होते. गेले होते ना? आता स्वतःचीच खात्री वाटेना. जिन्यावर बूट वाजले की वाटतं, आलेच.

डोळे मिटले की ते तीन वाफे दिसतात. एखादी बाई वाकून पाणी घालतेय, आणि तिला वर आवाज ऐकू येतो.

१८ मार्च

समितीला थेट पत्र लिहिलं. साहेबांना डावलून. खाली सही, पूर्ण नावानिशी.

१९ मार्च

टाकलं. पेटीत पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

२६ मार्च

समितीचं उत्तर आलं. सरावासाठी थाळी बेट निवडलं!

जिवात जीव आला. खुर्चीवर बसून राहिले. मग खालची ओळ वाचली: 'कुबड बेटावरील अनधिकृत रहिवाशांना बोट पाठवून तातडीने हटवावे.'

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"दीपगृह बंद करायच्या हुकमावर सही माझी होती. दिवेवाला, त्याची बायको, मुलगी, जावई. म्हणाले, साहेब, आम्ही इथून कुठे जायचं? मुलगी तिथेच जन्मलेली. मी लिहून टाकलं, सर्व परतले, बेट निर्जन. दर वर्षी तेच लिहितो. दाढीवाला खडकावर पीठ, रॉकेल ठेवून येतो."

"पण तोफा…"

"थाळीचं मी जानेवारीतच ठरवून आणलं होतं. तक्ता नुसता दाखवायला. कागदावर माणूस आला की त्याला नियम लागतो, बाई. कागदावर नव्हते म्हणून राहत होते."

"मला का नाही सांगितलंत?"

"ज्याला माहीत असतं त्यालाच जाब विचारतात. तुमच्यावर बालंट नको म्हणून."

खण उघडून तो गायब झालेला फोटो पुढे केला त्यांनी. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: 'नातू, पाच वर्षांचा.'

२७ मार्च

बोट सुटली. दाढीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं त्यानं, शिव्या द्यायला हव्या होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "तू वाईट नाही केलंस." चांगलं केलंस असं मात्र म्हणाल्या नाहीत.

३० मार्च

समुद्र खवळलाय. बोटीची काहीच खबर नाही.

२ एप्रिल, बुधवार

बोट परत आली. रिकामी. चूल कोमट होती, वाफे ओले होते, आणि खडकावर होडी ओढत नेल्याची ताजी खूण. बोट येताना पाहून निघून गेले असणार. त्या समुद्रात. पाच जण.

साहेब ऑफिसात आलेच नाहीत. धक्क्याच्या टोकाला दुर्बीण घेऊन बसलेत, असं शिपाई म्हणाला. मी गेले. ते थोडे सरकले, मला जागा करून दिली.