डॅम्परला पुन्हा एकदा मोजावे

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
मेलिक क्रीक नगरपरिषद,
व्हिक्टोरिया.

विषय : माझा कुत्रा 'डॅम्पर' यास नष्ट करण्याचा आदेश थांबवून त्याची फेरमोजणी करण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. ४१७, दि. ५ जून २०१२.

अर्जदार : श्रीमती बेरिल ट्रेसिडर, वय ७५, निवृत्त शाळाबसचालक, रा. टॅनरी लेन.

महोदय,

१. वरील नोटीस मला मिळाली. तीत माझा कुत्रा बंदी असलेल्या पिट बुल जातीचा ठरवून ३ जुलै रोजी 'नष्ट' करण्यात येईल असे लिहिले आहे. त्याने कुणाला चावा घेतल्याचा त्यात उल्लेख नाही, कारण तसे कधी घडलेले नाही. त्याचे डोके, जबडा आणि खांद्यापर्यंतची उंची तुमच्या पुस्तकातल्या मापात बसते, एवढेच कारण दिले आहे.

२. डॅम्पर नऊ वर्षांचा आहे. माझे दिवंगत पती मर्व्ह यांना तो गावाच्या कचरा डेपोवर चाऱ्याच्या रिकाम्या पोत्यात सापडला. राखेत भाजलेल्या डॅम्पर पावासारखा करडा आणि वरून जरा करपलेला, म्हणून मर्व्हने तेच नाव ठेवले. जनावरांच्या डॉक्टरांनी कार्डावर 'स्टॅफी मिश्र', म्हणजे बंदी नसलेल्या जातीचा संकर, असे लिहिले. दरवर्षी नोंदणीत मीही तेच लिहीत आले. गेल्या सप्टेंबरात बंदी असलेल्या जातीचे कुत्रे नोंदवले तर ते मारणार नाही अशी सवलतीची मुदत होती, तेव्हा डुकरांच्या शिकारीला जाणाऱ्या लोकांनी आपापले कुत्रे सरळ 'पिट बुल' म्हणून नोंदवले. ते आज मुसके घालून का होईना, जिवंत आहेत. मी जे ठाऊक होते ते लिहिले, म्हणून माझा मरणार आहे. नियम असाच असेल तर तो मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगावा.

३. नोटिशीत म्हटले आहे की कुत्रा त्या जातीचा नसल्यास त्याच्या आईबापाचा पुरावा मालकाने द्यावा. पोत्यातल्या पिल्लाच्या आईबापाचा पुरावा मी कुठून आणू? मर्व्ह स्वतः अनाथाश्रमात वाढला. त्याच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावापुढे नुसती रेघ आहे. तरी याच परिषदेने एकतीस वर्षे अग्निशमन केंद्राची किल्ली त्याच्याकडे ठेवली. तो कुणाच्या पोटचा, हे त्याला कुणी विचारले नाही. तो कसा वागतो, हे सगळे बघत होते.

४. डॅम्परला पकडून नेलेले नाही. मीच त्याला आणून दिले. हे नोटिशीत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या शेजारी किरिली व्हॅन्स ही मुलगी दोन लहान लेकरांना घेऊन शहरातून राहायला आली आहे. शहरात अशा एका कुत्र्याने बाळाचा जीव घेतल्याची बातमी आली तेव्हा ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "बेरिल, राग मानू नकोस. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो नुसता बघत उभा राहिला ना, तरी मी मुलांना घरात घेऊन दार लावते." मला राग आला नाही. बावीस वर्षे मी दुसऱ्यांची मुले बसमधून नेली-आणली आहेत. मुलांच्या आयांची भीती मला कुणी शिकवायला नको. मी तिला म्हणाले, "तपासून कागद आणते आणि कुंपणावर लावते, म्हणजे तुला नीट झोप लागेल."

कारण माझी पद्धतच ती. बसची वार्षिक तपासणी असली की मी तारखेच्या आठवडाभर आधी स्वतःहून गाडी घेऊन जायची. बाकीचे चालक हसायचे. माझ्या काचेवरचा कागद कधी एक दिवससुद्धा जुना झाला नाही. कुत्र्यांच्या बंदीबद्दल तुम्ही घरोघर वाटलेल्या पत्रकात 'शंका असल्यास कार्यालयाशी संपर्क साधा' असे छापले होते. मी डॅम्परला लोकरी कपड्यांच्या साबणाने आंघोळ घातली, नखे कापली आणि ४ जूनला सकाळी तुमच्या कार्यालयात हजर झाले.

५. तपासणीस डीन हर्ली माझ्याच बसने शाळेत जायचा. वळणावर त्याला मळमळायचे, म्हणून मी त्याला पुढच्या बाकावर बसवायची. मला पाहून तो म्हणाला, "मिसेस टी, आज नको. आज घरी जा तुम्ही."

मला वाटले त्याला जेवायला जायचे असेल. मी म्हणाले, "अरे, पाच मिनिटांचं तर काम. घे ना मोजून. आपल्याला काय लपवायचंय?"

त्याने मागे बसलेल्या साहेबांकडे एकदा पाहिले आणि पुस्तक उघडले. डॅम्पर शहाण्यासारखा उभा राहिला. टेप डोक्याभोवती गेली तेव्हा त्याने डीनचा हात चाटला. डीन एकेक खूण करत गेला, तसे त्याचे कान लाल होत गेले. शेवटी तो म्हणाला, "मिसेस टी, याला आता इथंच ठेवावं लागेल."

डॅम्पर हलेना. तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मीच त्याला म्हणाले, "जा. डीनबरोबर जा." आणि तो शेपूट हलवत गेला.

डीनला यात कसलाही दोष देऊ नये. त्याने मला सांगितले होते. मला कळले नाही.

६. आपण वयाने लहान असाल, म्हणून एक जुनी गोष्ट नोंदवते. १९४६ साली माझ्या वडिलांकडे रेक्स नावाचा अल्सेशियन होता. त्या काळी ती जात बाहेरून देशात आणायला बंदी होती. हा लांडग्याच्या रक्ताचा आहे, मेंढ्या संपवणार, असे सगळे म्हणत. शेजारच्या कुरणात तीन कोकरे मेलेली सापडली आणि तीन माणसे आमच्या फाटकाशी आली. वडिलांनी रेक्सला नदीकडे नेले आणि बंदूक घेऊन एकटे परत आले. आठवड्याने आणखी कोकरे मेली. ती मारणारे दोन साधे मेंढरे राखणारे कुत्रे निघाले, आणि त्यातला एक त्या तिघांपैकीच एकाचा होता. तो माणूस मेंढीची एक तंगडी घेऊन आमच्याकडे आला. ती टेबलावर ठेवून गेला. आईने ती शिजवली नाही, परसात पुरली. वडिलांनी पुन्हा कुत्रा पाळला नाही. तुमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर पोलिसाशेजारी बसलेला जो देखणा कुत्रा आहे, तो अल्सेशियनच आहे.

कुत्र्यांपासून धोका नसतो असे माझे म्हणणे नाही. धोकादायक कुत्रे मी पाहिले आहेत, आणि त्यांचे मालकही. ते टेपने मोजता येत नाहीत, एवढेच म्हणते.

७. तरी माझी विनंती अशी :

अ) डॅम्परची फेरमोजणी करावी, आणि ती आजच करावी. डीनने फोनवर सांगितले की कोंडवाड्यात तो अकरा दिवस जवळजवळ काही खात नाही आणि कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो. तो आता बराच वाळला असेल. आज मोजला तर तो तुमच्या पुस्तकात बसणार नाही. मागचे माप ग्राह्य असेल तर आजचेही असावे.

आ) ते शक्य नसल्यास आपण म्हणाल त्या अटींवर तो मला परत द्यावा. मुसके, उंच कुंपण, फाटकावर पाटी, सगळे मान्य. त्याला अंगणातसुद्धा सोडणार नाही. घरात ठेवीन आणि मीही घरातच राहीन. तसे मला आता बाहेर फारसे काम नसते.

इ) तेही नसल्यास मला दर दिवशी अर्धा तास कोंडवाड्यात बसू द्यावे. मनाई असल्याचे कळवले आहे. परंतु तो समोर वाटी ठेवली तरी "घे" म्हटल्याशिवाय खात नाही. मर्व्हने त्याला तशी सवय लावली होती. हे मी त्या दिवशी सांगायला विसरले. तो भुकेला असूनही वाट बघत असेल. कृपया कुणीतरी त्याला "घे" म्हणावे, ही विनंती बाकी काहीही ठरले तरी मान्य व्हावी.

ई) आणि यातले काहीच होणार नसेल, तर ३ जुलै रोजी मला आत येऊ द्यावे. मी रडून कामात अडथळा आणणार नाही, तसे लिहून देते. त्याला टेबलावर चढवू नये, तो घाबरतो. जमिनीवर बसवावे. मी खाली बसेन, मला गुडघ्यांचा त्रास आहे पण बसेन. तो डोके माझ्या मांडीवर ठेवील. मग काय करायचे ते करावे. मी पाठवले म्हणून तो गेला आहे, महोदय. मी परत आलेली त्याला दिसली पाहिजे.

उत्तर टपालाने न पाठवता फोनने द्यावे. मी घरीच असते.

आपली नम्र आणि फोनजवळ बसलेली,

(सही)
बेरिल ट्रेसिडर
दि. १५ जून २०१२

सोबत :
१) डॉक्टरांचे लसीकरण कार्ड, नऊ वर्षांचे.
२) शेजारीण किरिली व्हॅन्स हिचे पत्र. (त्यात तिने 'मला अजूनही त्याची भीती वाटते, पण त्याला मारावं असं मी कधीच म्हटलं नव्हतं' असे लिहिले आहे. मी ते वाक्य खोडायला सांगितले नाही.)
३) मर्व्हच्या जन्मदाखल्याची प्रत.
४) माझा लोकरी स्वेटर, एक. मुद्दाम धुतलेला नाही. तो फायलीला न लावता आजच डॅम्परच्या पिंजऱ्यात ठेवावा.