कडी लावलीस का?

कोल्हार,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. गोरख,

ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. आशीर्वाद लगेच घे. धपाटा कशाबद्दल ते पुढे कळेल.

डोकं दुखतं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तुला मोबाईल बघायची बंदी केलीये, म्हणून हा कागद. तुझ्या टीममधला वाल्मिक बहिणीचं लग्न उरकून उद्या तुझ्याकडं कोलंबोला परत निघतोय. त्याच्याच बॅगेत लाडवांच्या डब्याखाली ठेवते. डबा वाटेत फोडला तर मला कळव. पठ्ठ्या लग्नात इतका जेवलाय की तुमच्या क्लबवाल्यांना त्याच्यासाठी नवी जर्सी शिवावी लागेल. तू सावकाश वाच. डोकं दुखायला लागलं तर ठेवून दे, पण नंतर उचल आणि शेवटपर्यंत वाच.

इकडं सगळं बरं आहे. मागच्या शनिवारी माहेरी शिंगणापूरला जाऊन आले. ऊन चढायला लागलंय, आपली रसवंती सुरू झालीये. दादांनी तुझी इंडियाची जर्सी काचेत घालून गल्ल्यामागं लावली आहे. रस प्यायला येईल त्याला सांगतात, "माझा पोरगा हाय. आता कॅप्टन व्हनार हाय." त्या दिवशी पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "क्रिकेटमध्ये का?" झालं! दादा असले भडकले. "क्रिकेट न्हाई वो, रग्बी! त्यात मानसाला मानूस भिडतंय." एवढ्यावर थांबले नाहीत, चरकाला खांदा लावून तुमचं ते आठ जणांचं रेटणं करून दाखवलं. बाई अर्धा ग्लास तसाच ठेवून गाडीत जाऊन बसल्या. आई आणि मी पदर तोंडाला लावून हसत होतो.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिला आता सुईत दोरा ओवता येतो. हे मी तुला रविवारी फोनवर सांगितलं होतं. तू "बरं झालं" म्हणालास आणि थोड्या वेळानं परत विचारलंस, "आईचं ऑपरेशन कधी आहे?" मी परत सांगितलं. फोन ठेवताना तू पुन्हा तेच विचारलंस. मला वाटलं, आवाज तुटतोय.

काल वाल्मिक चहाला आला होता. तुझ्या गोष्टी सांगून त्यानं आमच्या सासूबाईंना पोट धरून हसवलं. म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ लई पक्का शिंगनापूरकर! रूमचं दार सताड उघडं टाकून जातोय. रोज मीच जाऊन लावतो. सगळी टीम त्याला नो-डोअर म्हनती." सासूबाई म्हणाल्या, "त्या गावची पोरं तशीच. ही नवी नवरी आली तवा हिलाबी कडी लावायचं ध्यान नव्हतं." सगळे हसले, मीही हसले. मग कपबश्या विसळायला मोरीत गेले आणि तिथंच उभी राहिले.

अरे, तू आणि दार उघडं? कसं शक्य आहे? बाकीच्यांना काय, बिनदाराच्या घरात वाढलेला माणूस म्हटलं की झालं. पण पुण्याच्या होस्टेलला पहिल्याच आठवड्यात तुझे नवे बूट उघड्या खोलीतून गेले होते ते मला माहीत आहे. त्या दिवसापासून तू कुलूप लावून ते ओढून बघायचास, जिन्यापर्यंत जाऊन परत यायचास. सुट्टीत घरी आलास की आपल्या पडद्यामागं खुर्ची लावून झोपायचास, आणि पहाटे दादा तिला अडखळून तुझा उद्धार करायचे. असला माणूस दार लावायचं विसरतो, आणि सगळी टीम हसते!

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. तो शेवटचा सामना आम्ही ह्यांच्या मोबाईलवर बघितला होता. त्या आडदांड गड्याच्या गुडघ्यावर तुझं डोकं आपटलं. तू उठलास आणि समोरच्या टीममध्ये जाऊन उभा राहिलास. वाल्मिकनं तुला हाताला धरून आणलं. मी विचारलं तर तू म्हणालास, डोळ्यावर ऊन आलं. गोरख, त्या दिवशी तिकडं ढग होते रे. तेव्हाही मी गप्प बसले, कारण मलाही तू कॅप्टन व्हायला हवा होतास.

आणि दिवाळीत ओसरीवर बसून तू काय सांगितलंस ते आठवतं का? सीझनच्या सुरुवातीला तुमची डोक्याची परीक्षा घेतात. शब्द सांगून ते परत म्हणायला लावतात, एका पायावर उभं करतात. ती तू मुद्दाम निम्मी चुकवतोस, म्हणजे पुढं मार बसला आणि खरोखर चुका झाल्या तरी पहिल्याइतक्याच दिसाव्यात. "सगळेच करतात, ताई," म्हणालास आणि चकली खात हसलास. मीसुद्धा तुला हुशार म्हणाले.

आता धपाट्याचं कारण.

वाल्मिककडून मी तुमच्या इंडियाच्या टीमच्या डॉक्टर स्नेहल मॅडमचा नंबर घेतला. लाडवाची रेसिपी द्यायचीये अशी थाप मारली, त्याला काही दोष देऊ नकोस. आज सकाळी मी मॅडमना फोन केला. दाराचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. दिवाळीतलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आधी पुण्याला सगळ्या तपासण्या करायच्या, तोवर बॉलला हात नाही. पुढच्या महिन्यातली इंडियाची स्पर्धा तुला खेळता येणार नाही. कॅप्टन दुसरा कोणी होईल. मी विचारलं, त्यानंतर तरी? त्या म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही.

त्यांनी विचारलं, "कोणी कळवलं हे त्याला सांगू का?" मी म्हटलं, सांगा, सख्ख्या बहिणीनं कळवलं. फक्त आधी माझं पत्र त्याच्या हातात पडू द्या.

दादांना अजून काही माहीत नाही. त्यांना मी सांगेन. जर्सी मात्र काचेतून काढू देणार नाही, ती तू कमावलेली आहे. बैलाचा पाय मोडला होता त्या उन्हाळ्यात तू बैलाच्या जागी चरक ओढलास. गिऱ्हाईकं हसायची आणि तू आणखी जोरात ओढायचास. तुझा खांदा कशानं तयार झाला ते मी बघितलंय. एवढ्या वर्षांचं तुझं सगळं मी एका फोनमध्ये मोडून ठेवलं, हेही मला कळतं. सकाळपासून रडतेय. पण पुन्हा असा फोन करायची वेळ आली तर पुन्हा करीन.

माझ्यावर खुशाल चीड. फोन करून हव्या तेवढ्या शिव्या दे, मी ऐकून घेईन. राखीला येऊ नकोस, भाऊबीजेला येऊ नकोस, वर्षभर बोलू नकोस. पण तपासण्या कर आणि मग घरी ये. शिंगणापूरला ओसरीवर तुझी खाट टाकून ठेवते. तिथं कडी लावायची राहिली म्हणून कोणी हसणार नाही. कॅप्टन होऊन नाही आलास तरी चालेल. आईला सुईत दोरा ओवताना बघशील आणि ऑपरेशन झाल्याचं तुझं तुला आठवेल, असा ये. आम्हाला सगळ्यांना ओळखत असशील, असा ये.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी,
तुझी ताई
राजेश्वरी