दोन दिशांची तार

४ डिसेंबर
पोचलो एकदाचा! भामरागडच्या अलीकडे नदीकाठी दहा-बारा घरांचं गाव, आणि त्यात गुणवंतरावांच्या घरामागची ही खोली. एसटीने हाडं खिळखिळी केली, पण मन खूश आहे. घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात बत्तीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या; तिथे रेडिओ लावला की नुसती खरखर. इथे संध्याकाळी हेडफोन लावला आणि खरखर अजिबात नाही. माझ्यासारख्या हौशी रेडिओवाल्याला यापेक्षा जास्त काय हवं?

गुणवंतराव आणि रुखमाबाई दोघंच राहतात, मासेमारीवर जगतात. त्यांचा मुलगा प्रवीण गेल्या श्रावणात पुरात गेला. त्याची लाकडी होडी, डोंगा, सापडली; तो नाही. रुखमाबाईंनी हे भात वाढता वाढता सांगितलं. मी आणखी वरण मागितलं.

७ डिसेंबर
तीन दिवस तार ओढतोय. खोलीपासून सरळ पूर्वेला नदीपर्यंत, पावणेदोनशे मीटर, बांबूंवर, डोक्याच्या हातभर वर. एक नाही, दोन तारा शेजारी-शेजारी, आणि नदीकडच्या टोकाला छोटा ट्रान्सफॉर्मर. गंमत अशी की खोलीतली कळ एकीकडे टाकली की फक्त पूर्वेचं ऐकू येतं, दुसरीकडे टाकली की फक्त पश्चिमेचं. संध्याकाळी जपान, पहाटे युरोप. पोलीस येऊन परवाना पाहून, चहा पिऊन गेले.

अर्थिंगला ओली माती हवी. प्रवीणचा डोंगा काठावर उपडा पडलाय, त्याच्याशेजारीच सळई ठोकली. गुणवंतराव नको म्हणाले; का, ते सांगेनात. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. दुसरी जागा शोधायचा कंटाळा केला.

१० डिसेंबर
जपानचे चार जण मिळाले! पण त्यांच्या आवाजाखाली एक टकटक आहे. तीन ठोके, थोडं थांबून दोन. मोर्स नाही, चाळीस वर्षांचा कान आहे माझा, यातून अक्षर होत नाही. कळ पूर्वेला असली तरच येते, पश्चिमेला टाकली की साफ बंद. नदीपलीकडे कुणाच्या शेतात रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणारं झटका मशीन लावलं असेल.

१४ डिसेंबर
टकटक रोज वाढतेय. दिवसभर नदीपलीकडे हिंडलो. झटका मशीन एकही नाही. फार दमलो.

रुखमाबाई चहा घेऊन आल्या आणि सहज त्यांनी हेडफोन कानाला लावला. कप हातातून पडला. म्हणाल्या, “हा तं माया प्रवीण व्हय जी. मच्छी हाकलून राह्यला.” मला कळेना. मग त्यांनीच समजावलं. एक जण जाळं धरून बसतो. दुसरा डोंग्याच्या काठावर बांबूने ठोकत मासे जाळ्याकडे हाकलतो. ठोकायची लय ज्याची त्याची; तीन आणि दोन ही प्रवीणची. त्या रडल्या नाहीत, हसत होत्या. तेच मला बघवेना.

१७ डिसेंबर
तार उतरवतो म्हणालो. रुखमाबाईंनी पाय धरले. “काढू नोका जी, मले आयकू द्या.” आता सकाळ-संध्याकाळ इथेच बसून असतात. जेवण सोडलंय. गुणवंतरावांनी मला बाजूला घेतलं, एवढी एकच उरली आहे, हिला सांभाळा म्हणाले. मी शब्द दिला. तार मात्र राहिली. मला नाही म्हणायचंही बळ उरलेलं नाही.

२० डिसेंबर
आज टकटक दोन्हीकडून सारखी. कळ इकडे टाका, तिकडे टाका. हे एकाच कारणाने होतं. आवाज तारेजवळच असला तर. म्हणजे इथे. खाटेखाली पाहिलं, कौलं पाहिली. काही नाही. भीती वाटते आहे, लपवून काय करू.

२१ डिसेंबर
पूर्व साफ! आता फक्त पश्चिमेला. म्हणजे आम्हाला ओलांडून गेली. चार दिवसांनी पोटभर जेवलो आणि गुणवंतरावांना आनंदाने सांगायला गेलो. त्यांचा चेहरा उतरला. “हाकलणारा वळसा घेऊन मागं जाते भाऊ. त्याबिगर मच्छी हालत नाई.” आमच्या पश्चिमेला गाव. पूर्वेला नदी.

२२ डिसेंबर
सकाळी रुखमाबाई तारेखालून नदीकडे चालल्या होत्या. आम्ही दोघांनी धरून आणलं. हात धरला की थांबतात, सोडला की पुन्हा चालतात. बोलत नाहीत. गुणवंतरावांनी लुगड्याने त्यांना खाटेला बांधलं, रडत बांधलं. मी पक्कड घेऊन तार कापली. मधोमध. उशीर केला, फार उशीर केला मी. हेडफोन टेबलावर आहे, बंद. तरी टकटक —

२३ डिसेंबर, सकाळ
लुगडं खाटेवर. त्या नाहीत. गुणवंतरावही नाहीत. पावलं दोघांची, नदीकडे —

दुपार
कापलेल्या जागेच्या पुढे आलोय. केव्हा निघालो, आठवत नाही. मागे ठोके. तीन. दोन. मागे वळलं की अंगावर येतात. पुढे पाऊल टाकलं की बरं वाटतं. खरंच बरं वाटतं. इतकं दमल्यावर —

काठावर
रुखमाबाई कमरेएवढ्या पाण्यात. गुणवंतराव आणखी पुढे, नुसतं डोकं. हाका मारल्या. वळत नाहीत. शब्द दिला होता मी. जातो —

धरलं. त्यांचा हात माझ्या हातात आहे. वही त्यांच्या खांद्यावर टेकवून — गुणवंतराव दिसत नाहीत. ठोके थांबले. एकदम. बरं झालं. पण ठोकणारा थांबतो केव्हा, तर मासे जाळ्याशी पोचले की —

पायाला काहीतरी दोरीसारखं