पालकाची सही

धाकट्या भावास,

थोरल्या ताईचे आशीर्वाद (जेवढे शिल्लक आहेत तेवढे). तू तिकडे ठणठणीत असशीलच. इथली खुशाली विचारली आहेस, तर आता पूर्ण वाच. नेहमीसारखी शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस.

आमच्या शाळेत गेल्या वर्षी पहिलीला तीन मुलं होती, यंदा एकही नाही. ज्यांना मुलं व्हायची ते सगळे तुझ्यासारखे परदेशी. मग वरून हुकूम आला: शाळा बंद, तिथेच म्हाताऱ्यांचं दिवसाचं केंद्र. बाई त्याच, फळा तोच, बाकंही तीच! सहा वर्षांच्या मापाच्या बाकावर माणूस बसवायला माझा एक हात लागतो, उठवायला दोन. बाबा आणि माझ्या सासूबाई एका बाकावर आहेत. सव्वीस वर्षं एकमेकांशी मोजून बोललेले हे व्याही-विहीण आता खिडकीच्या जागेवरून भांडतात, आणि दोघांच्या तक्रारी माझ्याकडेच.

तू लिहिलंस, 'नोकरी आणि बाबा एकाच ठिकाणी, तुझी मजा आहे.' मजा? दिवसा जे पगारी करते तेच रात्री फुकट करते, आणि घरी सुटीची घंटा होत नाही. तू पाठवलेलं रक्तदाबाचं यंत्र बाबांच्या दंडाला लावते आणि रक्त माझं उसळतं.

आता नवा घोळ ऐक. फॉर्मवर पालकाची सही लागते (फॉर्म मुलांचाच, 'बालक' खोडून 'ज्येष्ठ' केलंय). जुना नियम असा की बाईंनी आपल्याच वर्गातल्या बालकाचं पालक व्हायचं नाही. वर्ग एक, बाई मी एकटी. सासूबाईंच्या फॉर्मवर यांनी सही केली; पण बाबांच्या फॉर्मला, मुख्याध्यापिका म्हणतात, जावई चालत नाही, रक्ताचं नातं हवं. बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "लिहा मुलाचं नाव." महिनाअखेर सही नाही तर नाव कमी. बाबा घरी एकटे राहू शकत नाहीत (परवा गॅस सुरू ठेवून झोपले), म्हणजे मी घरी, म्हणजे नोकरी गेली. यांच्या कारखान्यातही आता आठवड्याचे चारच दिवस काम आहे. मला राग येतो रे, आणि तो तुझाच येतो. एकदा येऊन जा म्हणून तीन पत्रं लिहिली, त्याला उत्तर काय, तर फुलाचं चित्र!

तुझी,
ताई

ता. क. फॉर्म सोबत आहे. सही करून लगेच पाठव.

ता. क. २. राहू दे. आज शेवटची तारीख होती, तुझी सही मीच ठोकली. (तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची कोण करायचं? हात अजून बसलेला आहे.) नाव राहिलं, नोकरीही.

ता. क. ३. पाकीट बंद करणार होते, पण हे सांगायलाच हवं. बाबांनी ती सही पाहिली. त्यांना वाटतंय तू येऊन गेलास, घाईत होतास म्हणून भेटला नाहीस. आता पाच वाजता मी हाक मारली तरी बाकावरून उठत नाहीत. म्हणतात, "तू बाई आहेस. माझा पालक येईल न्यायला." सही मला जमली. यायचं तेवढं मला तुझ्या वतीने जमत नाही.